पोट खरंच दुखतंय, पण शाळा थांबवू नका

पत्र:

ताई, आमचं गाव लहान आहे. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. लेक पहिलीपासून तिथेच शिकली, वर्गात ११ पोरं होती, तिचा नंबर नेहमी पहिल्या तिनात. यंदा आठवीसाठी तालुक्याच्या हायस्कुलात नाव घातलं, सेमी-इंग्रजीमध्ये. १८ किलोमीटर आहे, बस मिळते. शाळा उघडली तशी तीन दिवस गेली. चौथ्या दिवसापासून सकाळ झाली की पोट दुखते, उलटी होते, रडते. बस निघून गेली की तासाभरात चांगली होते, भाकर खाते. डॉक्टरनं सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. सासूबाई म्हणतात बाहेरचं लागलं, त्यांनी उतारा केला. हे म्हणतात नाटकं आहेत. मी एक दिवस हात उचलला तिच्यावर, मग रात्रभर मलाच झोप आली नाही. निंदणाचे दिवस आहेत, रोज मजुरी बुडवून घरी कशी बसू? सासूबाई तर म्हणतात, 'रायली शाळा तं रायली, पोरीची जात हाय.' बळजबरी करू की काही दिवस घरी राहू देऊ?
– एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर:

ताई,

तिला घरी ठेवू नका. मारून, ओढून बसमध्येही कोंबू नका. मधली एक वाट आहे. त्या वाटेला दोन-तीन आठवडे लागतील आणि त्यातले पहिले काही दिवस तुमची मजुरीही बुडेल, हे मला कळतं. पण आत्ता हे काही दिवस दिले नाहीत तर दिवाळीपर्यंत ही पोरगी शाळेबाहेर असेल, अशी मला खरीच काळजी वाटते.

आधी घरातला वाद मिटवू. पोट खरंच दुखतं तिचं. माणूस घाबरला की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे जास्त जातं आणि पोटाचं काम मंदावतं. मग पोटात गोळा येतो, मळमळतं, संडासला लागल्यासारखं होतं. काहींना खरंच उलटी होते. सोनोग्राफीत हे दिसत नाही, कारण पोटात बिघाड काहीच नसतो. बस गेली की धोका टळला असं शरीराला वाटतं आणि तासाभरात सगळं शांत होतं. म्हणून ती भाकर खाते. तिच्या वडिलांना हेच नाटकाचं लक्षण वाटतं, पण भीतीमुळे दुखणाऱ्या पोटाची खूणच ही आहे. रविवारी दुखत नाही ना? सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल तर घरातल्या सगळ्यांना ही एवढीच गोष्ट दाखवा. बाहेरचं लागलं असतं तर त्यानं रविवार पाळला नसता.

सासूबाईंशी भांडू नका. नातीसाठी जीव तुटतो म्हणूनच त्यांनी उतारा केला. मात्र तो पोरीसमोर पुन्हा होऊ देऊ नका. आपल्याला काही लागलंय असं तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात एकदा बसलं की तिची भीती दुप्पट होते.

एक तपासणी मात्र अजून करा, सोनोग्राफी झाली असली तरी. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात रक्तातलं हिमोग्लोबिन आणि लघवी तपासून घ्या, जंताची गोळी घेतली होती का ते सांगा, पाळी सुरू झाली असेल तर तेही सांगा. एवढं झालं की पोटाचा विषय डॉक्टरपुरता संपला. त्यानंतर रोज सकाळी 'आज दुखते का?' असं विचारू नका. विचारलं की तिचं लक्ष पोटाकडेच जातं.

आता तिला घरी का ठेवू नये ते सांगते, कारण हे कळलं नाही तर पुढचं सगळं निर्दयपणाचं वाटेल. ज्या दिवशी बस चुकते त्या दिवशी तिला केवढं हलकं वाटत असेल! तिचं मन त्यातून एकच शिकतं, घरी राहिलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी भीती थोडी वाढलेली असते. शिवाय धडे पुढे गेलेले असतात, मैत्रिणींचे जोड जमलेले असतात, 'काऊन आली नव्हती?' हा प्रश्न वाट पाहत असतो. अशा आठ दिवसांनी मूळ भीतीवर आणखी चार भीतींचे थर चढतात. याउलट, भीती वाटत असतानाही माणूस त्या जागी थांबून राहिला तर ती बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरायला लागते. भीती अशी उतरते हे शरीराला एकदा अनुभवानं कळावं लागतं. सांगून कळत नाही.

मग थांबायचं कुठे? तर पहिल्यांदा, ती कशाला घाबरते ते शोधू.

'शाळेची भीती' म्हणून आपण सगळं एका पोत्यात भरतो. पण तिचा दिवस उलगडून पाहा. सकाळी फाट्यावर उभं राहणं, बसमधली गर्दी, स्टँडवरून शाळेपर्यंतचं चालणं, सत्तर-ऐंशी पोरांचा वर्ग, अनोळखी बाई-सर, इंग्रजीतलं गणित, मधल्या सुट्टीत डबा कुणाजवळ बसून खायचा, मुतारी कुठे आहे, परतीची बस चुकली तर काय. या साखळीत एखाद-दोन कड्यांनाच भीती चिकटलेली असते. समोर बसवून 'सांग, काय झालं?' असं विचारलं तर ती 'काही नाही' म्हणेल. मेथी निवडताना, केस विंचरताना, डोळ्याला डोळा नसताना विचारा, आणि कारण विचारू नका. पहिला दिवस कसा गेला, फाट्यापासून घरी येईपर्यंत, एवढंच ओळीनं सांगायला लावा. सांगता सांगता ती कुठे घाई करते, कुठे गप्प होते, कोणता भाग गाळते, तिकडे लक्ष ठेवा. मधे बोलू नका. ऐकून झाल्यावर 'एवढ्याशा गोष्टीला काय घाबरते' हे वाक्य तर चुकूनही नको.

मला पत्रावरून काही शंका येतात, त्या सांगते. सगळ्या खऱ्या असतीलच असं नाही.

पहिली शंका मुतारीची. मोठ्या शाळेत मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह घाण असतं, कडी नसते, पाणी नसतं किंवा ते मुलांच्या वर्गासमोरून जायचं असतं. मग दुपारी डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. आणि पाळी? गावच्या शाळेतून ती पाच मिनिटांत घरी येत होती. आता घर १८ किलोमीटरवर आहे. कपड्याला डाग पडला तर काय, या एका विचारानं पोटात गोळा येऊ शकतो. तिच्या दप्तरात एका कापडी पिशवीत दोन पॅड, एक जास्तीची चड्डी, जुन्या कागदाचा तुकडा आणि एक सलवार कायमची ठेवून द्या. वापरायची वेळ येवो न येवो, दप्तरात आहे याचाच मोठा आधार होतो.

दुसरी शंका बसची, आणि ही तुम्हाला स्पष्ट शब्दांत विचारावी लागेल. गर्दीत कुणी अंगाला हात लावतं का, कुणी मागे लागतं का, कुणी चिडवतं का. विचारताना आवाज शांत ठेवा आणि आधीच सांगा, 'तू काही सांगितलं म्हणून तुझी शाळा बंद होणार नाही.' आपल्याकडच्या मुली नेमक्या याच धाकानं तोंड उघडत नाहीत. असं काही असेल तर ही भीती राहत नाही, तो गुन्हा होतो. अठरा वर्षांखालच्या मुलीशी असं वागणाऱ्यावर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कारवाई होते. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, पोलिसांसाठी ११२. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, तिच्याकडेही जाता येतं. अशा वेळी हळूहळू सवय लावण्याचा प्रश्नच येत नाही, आधी त्या माणसाचा बंदोबस्त.

तसं काही नसेल आणि फक्त गर्दीचा त्रास असेल तर चौकशी करा की मानव विकास कार्यक्रमातली निळी बस तुमच्या मार्गावर आहे का. ती आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत ने-आण करण्यासाठीच असते, तिकीट लागत नाही. साध्या लाल गाडीतही शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. शाळेतून फॉर्म भरून घ्यावा लागतो. पास हातात नसताना कंडक्टरनं चारचौघांत विचारणं, हेसुद्धा या वयात पोट दुखायला पुरेसं कारण आहे.

तिसरी शंका मला सगळ्यात मोठी वाटते. तुमची लेक हुशार आहे. ११ पोरांत ती पहिल्या तिनात होती, सगळे गुरुजी तिला नावानं ओळखत होते. आता सेमीचा वर्ग. 'वर्गमूळ' म्हटलं की तिला सगळं येतं, पण फळ्यावर 'स्क्वेअर रूट' आलं आणि तिला काहीच कळलं नाही. शेजारी तालुक्यातली पोरं पटापट उत्तरं देतात. कदाचित तिच्या बोलण्याला कुणी हसलंही असेल. जिचा सगळा मान अभ्यासावर उभा आहे तिला आपण 'ढ' ठरू याची धास्ती अभ्यासात कच्च्या पोरीपेक्षा जास्त असते. घरी ती हे सांगणार नाही, कारण तुम्ही सगळ्यांना अभिमानानं सांगितलंय की पोरगी सेमीत आहे.

यावर उपाय आहे आणि तो पैशाचा नाही. बालभारतीची गणित आणि विज्ञानाची पुस्तकं मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही, धडे तेच, क्रम तोच. आठवीपर्यंत पुस्तकं शाळेतून मोफत मिळतात. मराठी पुस्तक गावातल्या गेल्या वर्षीच्या आठवीच्या मुलाकडून मागून आणा, किंवा ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर मोफत उतरवून घ्या. रोज संध्याकाळी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून एक पान वाचायचं आणि नवे शब्द वहीत समोरासमोर लिहायचे. बास, अर्धा तास. महिनाभरात तिला कळेल की गणित तेच आहे. सेमी बदलायचं का, हा निर्णय आज घेऊ नका. घाबरलेल्या मनानं घेतलेले निर्णय पुढे टोचतात. दिवाळीनंतर ती स्वतः शांतपणे म्हणाली की मला मराठीतच बरं, तर जरूर ऐका. त्यात कमीपणा काही नाही.

इथे शाळांबद्दल थोडं बोलल्याशिवाय राहवत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होतो, पहिलीच्या लेकरांना फुलं देतात, औक्षण करतात, गोड खाऊ मिळतो. फार चांगलं आहे ते. पण खेड्यातून पाचवीला आणि आठवीला मोठ्या शाळेत येणाऱ्या मुलांनाही तो पहिलाच दिवस असतो, आणि त्यांना कुणी वर्ग कुठे आहे हेसुद्धा दाखवत नाही. एखाद्या शिक्षकानं त्या मुलांना तासभर शाळा फिरवून दाखवली, पाणी कुठे, मुतारी कुठे, अडचण आली तर कुणाला सांगायचं एवढं सांगितलं, तर तुमच्यासारखी अर्धी पत्रं मला येणार नाहीत. हे वाचणारे शिक्षक असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जुलै उजाडला असला तरी उशीर झालेला नाही.

आता कामाला लागू. या बाजाराच्या दिवशी तिला घेऊन तालुक्याला जा. बाजार तर करायचाच असतो. त्याच बसनं जा, स्टँडवरून शाळेपर्यंत चालत जा, शाळा सुटल्यानंतर मोकळ्या आवारात तिला फिरू द्या. वर्ग पाहा, नळ पाहा, स्वच्छतागृह पाहा. जमलं तर त्याच दिवशी वर्गशिक्षिकेला भेटा. 'पोरगी घाबरते, लक्ष द्या' एवढंच सांगू नका, त्यानं काही होत नाही. नेमकं मागा. तिला जवळपासच्या गावातल्या एखाद्या मुलीशेजारी बसवा. पहिले पंधरा दिवस उभं करून इंग्रजी वाचायला लावू नका. मुतारीला जायला हात वर करून परवानगी मागावी लागू नये. आणि फार घाबरली तर दहा मिनिटं बाईंजवळ किंवा कार्यालयात बसू द्या, पण मग परत वर्गातच पाठवा, घरी नको. चांगल्या बाई हे आनंदानं करतात. कुणी 'आमच्याकडे असले लाड नाहीत' म्हणालं तर मुख्याध्यापकांकडे जा. आणि वर्गात मारणं किंवा सगळ्यांसमोर अपमान करणं चालत असेल तर लक्षात ठेवा, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे.

त्यानंतर पायऱ्या. पहिल्या दिवशी तुम्ही तिच्यासोबत बसनं जायचं, तिनं मधल्या सुट्टीपर्यंत बसायचं, तुम्ही बाहेर थांबायचं. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. मग पूर्ण दिवस, तुम्ही शाळेच्या फाटकापर्यंत. मग स्टँडपर्यंत. मग फक्त आपल्या फाट्यावर बसमध्ये बसवून द्यायचं. एखादी पायरी जड गेली तर तिथेच आणखी एक दिवस थांबा, पण मागे येऊ नका. पायऱ्या तिच्यासोबत बसून ठरवा आणि वहीत लिहा. आदल्या रात्री ठरलेलं सकाळी बदलायचं नाही, तिनंही नाही आणि तुम्हीही नाही. सकाळची वेळ वाटाघाटीची नसते, तेव्हा भीतीच बोलत असते.

सकाळी ती रडेल. तेव्हा लांब समजावू नका. 'दुखते नं, मले मालूम हाय. चाल, फाट्यावर जाऊ,' एवढं पुरे. उपाशी पोटी मळमळ वाढते, म्हणून अर्धी भाकर किंवा दोन घास पोह्यांचे तरी खायला लावा. बसची वाट पाहताना श्वासाचा एक साधा प्रकार करा: मनात ४ आकडे मोजत नाकानं श्वास आत, मग ६ आकडे मोजत हळूहळू बाहेर. आठ-दहा वेळा. बाहेर सोडणं लांब झालं की धडधड कमी होते. तुम्हीही तिच्यासोबत करा, तुमचीही छाती धडधडतच असेल. सुट्टीतली उशिरा झोपायची सवय अजून राहिली असेल तर रोज पाव-पाव तास आधी झोपवत आणा. आणि एखाद्या दिवशी ती घरी राहिलीच तर रागावू नका, पण तो दिवस मजेचा होऊ देऊ नका. शाळेच्या वेळात टीव्ही नाही, मोबाइल नाही, पुस्तकं उघडायची.

मजुरीचं काय? पाचेक दिवस बुडतील, ते नाकारत नाही. त्यातले दोन दिवस तिच्या वडिलांनी जावं असं मला फार वाटतं. डवरणी (कोळपणी) एक दिवस पुढे ढकलता येते, आणि जे बाबा 'नाटकं' म्हणत होते तेच शेजारी बसून शाळेत आले, याचं त्या लेकराला किती बळ येईल! आणि तुमच्या गावातून नववी-दहावीची एखादी मुलगी त्याच बसनं जात असेलच. पाचव्या-सहाव्या दिवसापासून तुमची जागा तिनं घ्यावी. या वयात आईपेक्षा मोठी मैत्रीण जास्त कामी येते.

हात उचलल्याचं तुम्ही लिहिलंत. तिला जवळ घेऊन सांगा की ते चुकलं, मी पण घाबरले होते. पुन्हा मारणार नाही असा शब्द द्या आणि पाळा. त्यापुढे स्वतःला खात बसू नका. रात्रभर झोप न येणारी आई तिला मिळाली आहे.

सासूबाईंच्या त्या वाक्यावर मात्र मी गप्प बसणार नाही. विदर्भातल्या कितीतरी मुलींची शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी पोट दुखतं, मग 'राहू दे चार दिवस', मग निंदणाला सोबत, मग लहान्याला सांभाळायला, आणि दोन वर्षांत घरात पाहुणे यायला लागतात. अठरा वर्षांआधी लग्न लावणं २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण त्या वाटेची सुरुवात अशा साध्या वाक्यापासून होते. सासूबाईंना प्रेमानं सांगा, नवऱ्याला ठामपणे सांगा, आणि लेकीच्या कानावर ते वाक्य पुन्हा पडू देऊ नका. तिला वाटलं पाहिजे की घरात तिच्या शाळेबद्दल दुसरा विचारच नाही.

तीन आठवडे असं करूनही ती जात नसेल, किंवा त्याआधीच जेवण तुटलं, वजन उतरलं, रात्रीची झोप गेली, कुणाशीच बोलेनाशी झाली, तर थांबू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेला. दिवस-रात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे पोरगी वेडी ठरते असं मुळीच नाही. ही भीती नीट उपचारानं जाते, मुलं पुन्हा शाळेत रमतात. आणि 'मला जगायचंच नाही' असं काही ती बोलली, लिहिलं, किंवा स्वतःला इजा केली, तर तीन आठवड्यांचा हिशेब सोडा. त्याच दिवशी फोन करा, तिला एकटीला ठेवू नका आणि घरातली फवारणीची औषधं कुलपात टाका.

पोळ्याच्या आणि तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीनंतर तिचं पोट पुन्हा एकदा दुखेल, बहुतेक दिवाळीनंतरही. तेव्हा सगळं वाया गेलं असं समजू नका. सुट्टीनंतर शरीर जुनी भीती एकदा उकरून पाहतं. त्या दिवशी पुन्हा फाट्यापर्यंत सोबत जा, बहुतेकदा दोन दिवसांत ते शांत होईल.

आज मात्र एवढंच करा. संध्याकाळी निंदणावरून आल्यावर त्या नववी-दहावीच्या मुलीच्या घरी जा, तिच्या आईशी बोला, आणि बाजाराच्या दिवशी तुमच्यासोबत तिलाही येता येईल का ते विचारा.